ठोकळ्यांच्या आगगाडीचा जमाखर्च

छंदाचा विषय निघाला की मराठी मध्यमवर्गीय घरात दोन प्रश्न हमखास विचारले जातात. ‘त्यातून मिळणार काय?’ हा पहिला आणि ‘खर्च किती?’ हा दुसरा. दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि बँकेच्या मासिकाच्या वाचकाला तर ते अधिकच जवळचे वाटावेत. प्लॅस्टिकचे ठोकळे एकमेकांत अडकवून आगगाडी बांधणे, तिच्यासाठी रूळ मांडणे आणि विजेवर तिला धावती करणे, या छंदाला मात्र आणखी एका प्रश्नाला तोंड द्यावे लागते. ‘हे काय खेळण्याचे वय आहे?’ असे विचारले जाते. कारण हा छंद जोपासणाऱ्यांत दहा वर्षांचा मुलगा जसा असतो, तसा चाळिशीतला अभियंता आणि सेवानिवृत्त शिक्षकही असतो.

या तिन्ही प्रश्नांची उत्तरे जमाखर्चाच्या वहीप्रमाणे दोन्ही बाजू मांडून शोधली, तर हा छंद घरात असावा, असाच निष्कर्ष निघतो. तथापि त्याला काही अटी आहेत. बाजारातून आणलेली गाडी केवळ जोडून ठेवण्यात त्याचे सार्थक नाही, आणि त्याचा खर्च उधारीवर चालवणे तर मुळीच योग्य नाही.

गेलेली गाडी

रायपूरच्या तात्यापाऱ्याचे उदाहरण घ्यावे. भोसल्यांच्या अमलापासून छत्तीसगडात मराठी कुटुंबे येत राहिली. पुढे नागपूर ही मध्यप्रांताची राजधानी असताना, सरकारी नोकरी, वकिली, शिक्षण आणि रेल्वे यांच्या निमित्ताने आणखी अनेक घरे रायपुरात स्थिरावली. तात्यापारा ही या वस्तीची जुनी ओळख. येथील घरांत मराठी बोलली जाते, चौकात छत्तीसगढी आणि हिंदी. नागपूरला जाणेयेणे असणाऱ्या या वस्तीच्या आयुष्यात रेल्वेचे स्थान काय होते, हे वेगळे सांगायला नको.

मोठ्या गाडीच्या जोडीला शहरात एक छोटी गाडीही होती. बंगाल नागपूर रेल्वेची रायपूर–धमतरी ही अरुंदमापी लाईन १९०० साली सुरू झाली. त्याच वर्षी माधवराव सप्रे यांनी पेंड्रा येथून ‘छत्तीसगढ मित्र’ हे मासिक काढले, हा योगायोग लक्षात ठेवण्याजोगा आहे. दोन रुळांतील अंतर अवघे ७६२ मिलिमीटर. अभनपूरहून एक फाटा राजिमला जात असे. धमतरीकडील साल लाकूड, लाख, हिरडा असा वनमाल या वाटेने उतरत असे आणि राजिमच्या मेळ्याचे यात्रेकरूही हीच गाडी पकडत. २०१७ मध्ये रायपूर स्थानक ते तेलीबांधा हा शहरातील भाग बंद झाला आणि त्या पट्ट्यावर एक्स्प्रेस वे आला. पुढील मार्ग रुंदमापी करण्याचे काम हाती घेतले गेले.

यात शोक करण्यासारखे काही नाही. वाढत्या शहराला रस्ता हवा असतो, प्रवाशांना वेगवान गाडी हवी असते. परंतु एखादी वस्तू डोळ्यांसमोरून गेली की ती एका पिढीत स्मरणातूनही जाते. त्या छोट्या गाडीत बसलेले आज जाणते आहेत, आणि तिच्याबद्दल प्रश्न विचारू शकणारी नातवंडे त्याच घरात ठोकळ्यांचा डबा उघडून बसली आहेत. डब्यावर चित्र असते ते युरोपातील एखाद्या गाडीचे. सूचनापुस्तिका पाहून नातू ती गाडी तासाभरात जोडतो आणि आजोबा कौतुकाने पाहत राहतात. वास्तविक त्या तासात आजोबांना सांगण्यासारखे पुष्कळ होते आणि नातवाला बांधण्यासारखेही. ती संधी साधता येईल की नाही, हा या छंदातील खरा प्रश्न आहे.

ठोकळ्याचे गणित

डेन्मार्कमधील बिलुंड या गावी १९३२ साली ओले किर्क क्रिस्टियान्सेन या सुताराने लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला, त्यातून लेगो कंपनी उभी राहिली. आज सर्वत्र दिसणाऱ्या, आतून नळ्या असलेल्या ठोकळ्याचे पेटंट १९५८ सालचे आहे. आठ बुंधे असलेले, एकाच रंगाचे केवळ सहा ठोकळे घेतले, तर ते ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात, असे कोपनहेगन विद्यापीठाचे गणिती सोरेन आयलर्स यांनी संगणकाच्या साहाय्याने दाखवून दिले. सहा ठोकळ्यांत एवढे वैपुल्य असताना सूचनापुस्तिकेतील एकाच रचनेवर थांबणे म्हणजे ठेव पावती कपाटात ठेवून तिची मुदत विसरून जाण्यासारखे आहे.

आता धमतरीच्या गाडीकडे वळू. ठोकळ्यांच्या या रेल्वेत दोन रुळांतील अंतर सुमारे ३७.५ मिलिमीटर असते. धमतरी लाईनचे माप ७६२ मिलिमीटर होते. भागाकार केला तर प्रमाण साधारण एकास वीस येते. भारतीय रुंदमाप १६७६ मिलिमीटर आहे. त्याच रुळांवर ते कल्पिले तर प्रमाण एकास पंचेचाळीसच्या आसपास येते. म्हणजे एकाच खेळण्याच्या रुळांवर छोटी लाईन बांधायची की मोठी, यावर डब्याची उंची, रुंदी, खिडकी, दार, सारे काही बदलते. सहावी-सातवीतील विद्यार्थ्याला गुणोत्तर व प्रमाण हा धडा शिकवण्यास याहून सुलभ साधन शोधूनही सापडणार नाही.

परंतु गणित येथेच संपत नाही. या रुळांचे वळण बरेच तीव्र असते. सोळा वक्र तुकडे जोडले की वर्तुळ पूर्ण होते आणि त्याची त्रिज्या मध्यरेषेपर्यंत ३२ सेंटिमीटर भरते. सुमारे ७० सेंटिमीटरच्या चौरसात, म्हणजे दिवाणखान्यातील टेबलावरही ते मावते. जुन्या वस्तीतील आटोपशीर घरांना हे सोयीचे आहे. मात्र बावीस-तेवीस मीटर लांबीचा खरा डबा एकास पंचेचाळीस प्रमाणात अर्ध्या मीटरचा होतो, आणि एवढा लांब डबा त्या वळणावर धड वळत नाही. मग डबा आखूड करावा लागतो. रुंदी किती कमी करायची, किती खिडक्या गाळायच्या आणि तरीही पाहणाऱ्याला ‘ही आपलीच गाडी’ असे कसे वाटावे, हे निर्णय बांधणाऱ्याने स्वतः घ्यायचे असतात. उपलब्ध साधनांत काय राखायचे आणि कशाला मुरड घालायची, हा विचार संसारात आणि व्यवहारात पदोपदी करावा लागतो. तो कोवळ्या वयात टेबलावर करता आला तर उत्तमच.

वीज शेवटी

या छंदातील सर्वात मोठे आकर्षण म्हणजे गाडीचे धावणे, आणि घाईही येथेच होते. मोटार आणि बॅटरी आधी आणली जाते, गाडी मागाहून होते. क्रम उलट असावा. आधी गाडी हाताने ढकलून पाहावी. मग रुळांखाली दोन पुस्तके ठेवून उतारावरून सोडावी. कोठे अडखळते, कोणते चाक घासते, कोणता डबा वळणावर रुळावरून घसरतो, हे विजेवाचून कळते. मोटार लावल्यावर हेच दोष झाकले जातात आणि त्यांची किंमत बॅटरी चुकवते.

वळणाचेच पाहा. बाहेरचा रूळ आतल्या रुळापेक्षा लांब असतो. वर सांगितलेल्या वर्तुळात एका फेरीला हा फरक सुमारे २५ सेंटिमीटर होतो. एकाच आसावर घट्ट बसवलेली दोन्ही चाके मात्र सारखीच फिरतात. मग कोणते तरी चाक घसरते, घर्षण वाढते आणि गाडी मंदावते. खऱ्या रेल्वेची चाके किंचित शंकूच्या आकाराची असतात, त्यामुळे वळणावर बाहेरचे चाक मोठ्या व्यासावर आणि आतले लहान व्यासावर चालते. खेळण्यातील अडचण समजली की खऱ्या चाकाची ही युक्ती आपोआप उमगते.

या गाड्यांना शक्ती पुरवण्याचा इतिहासही उद्बोधक आहे. लेगोची पहिली विद्युत रेल्वे १९६६ साली आली. निळे रूळ, साडेचार व्होल्टची मोटार आणि सोबत बॅटरी. १९६९ मध्ये घरातील विजेवर, ट्रान्सफॉर्मरमार्फत चालणारी बारा व्होल्टची गाडी आली. तिच्या रुळांमध्ये विजेसाठी स्वतंत्र पट्ट्या असत. १९९१ पासून नऊ व्होल्टची वीज थेट धातूच्या रुळांतून खेळू लागली. २००६ नंतर गाडीने पुन्हा आपली बॅटरी आपल्या सोबत घेतली, आणि २०१८ पासून तिचे नियंत्रण ब्लूटूथवर, मोबाईल संचावरूनही होऊ लागले.

खऱ्या रेल्वेतही हेच पर्याय आढळतात. वाफेचे वा डिझेलचे इंजिन आपले इंधन सोबत वाहते. १९८४ साली सुरू झालेली कोलकात्याची मेट्रो रुळांशेजारील तिसऱ्या रुळातून वीज घेते. मुंबईत ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला धावलेली देशातील पहिली विद्युत गाडी डोक्यावरील तारेतून १५०० व्होल्टची वीज घेत होती. आज देशातील मुख्य मार्गांवर २५,००० व्होल्टचा प्रवाह वापरला जातो. शक्ती सोबत वाहायची की वाटेवर पुरवायची, हा प्रश्न अभियंत्यांनी शतकभर सोडवला आणि तोच मुलांपुढे टेबलावर उभा राहतो. बॅटरी सोबत घेतली तर वजन वाढते, पण रूळ स्वस्त पडतात. वीज रुळांतून दिली तर गाडी हलकी राहते, पण धातूचे रूळ महाग पडतात, ते स्वच्छ ठेवावे लागतात, आणि लाईन वळसा घेऊन स्वतःलाच येऊन मिळाली तर शॉर्टसर्किट होते. अमुक एक पद्धतच श्रेष्ठ, असे कोणी ठामपणे सांगू नये. प्रत्येकीचा जमाखर्च वेगळा आहे.

मोटारीचे तत्त्व समजण्यास महागडा संच लागतो, हाही गैरसमज आहे. एक टॉर्चचा सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक आणि एनॅमल असलेल्या तांब्याच्या तारेचे वेटोळे एवढ्यावर फिरणारी मोटार शाळकरी मुलेही बनवतात. अरविंद गुप्ता यांनी पुण्याच्या आयुकातील मुलांच्या विज्ञान केंद्रातून अशी टाकाऊतून टिकाऊ खेळणी महाराष्ट्रभर पोहोचवली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. ती मोटार आधी हाताने बनवावी आणि मग बाजारातील मोटार गाडीत बसवावी.

खर्चाची बाजू

आता दुसरा प्रश्न. हा छंद स्वस्त नाही, हे मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. खेळण्यांवरील आयात शुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले. देशी उद्योगाला आधार देणे हा त्यामागील हेतू समर्थनीय असला, तरी परदेशी संच सामान्य घराच्या आवाक्यातून अधिकच दूर गेले, हेही खरे. अशा वेळी क्रेडिट कार्डाचा किंवा हप्त्यांचा मोह होतो. कार्डाची थकबाकी पुढे ढकलली, तर अनेक कार्डांवर दरमहा ३ टक्के किंवा त्याहूनही अधिक व्याज लागते. वर्षाचा साधा हिशेब ३६ टक्क्यांवर जातो. मुलाला आनंद देणारी गाडी घरच्या कर्त्याची झोप उडवणारी ठरू नये.

उपाय जुनाच आहे. दरमहा ५०० रुपयांचे आवर्ती ठेव खाते उघडले तर वर्षअखेर ६,००० रुपये मुद्दल आणि त्यावरील व्याज हाती येते. त्या रकमेत जे बसेल तेच घ्यावे. हे खाते मुलाच्या नावे असेल तर दुधात साखर. दहा वर्षांवरील मुलांना बचत खाते स्वतः चालवू देण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने बँकांना २०१४ मध्येच दिली आणि २०२५ मध्ये अज्ञान व्यक्तींच्या खात्यांविषयीच्या सूचना नव्याने एकत्रित केल्या. आपल्या गाडीसाठी वर्षभर थांबलेले मूल तीन गोष्टी शिकते. पैसे कसे साठतात, वाट कशी पाहावी आणि ‘पुरे’ केव्हा म्हणावे. या वर्षभरात जुन्याच ठोकळ्यांतून आराखडा तयार होतो, हा आणखी एक लाभ.

काटकसरीचे इतरही मार्ग आहेत. ठोकळ्याची मूळ पेटंटे केव्हाच संपली आहेत, आणि त्याच्या आकारावर व्यापारचिन्ह म्हणून मक्तेदारी सांगता येणार नाही, असे कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये व युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये ठरवले. त्यामुळे त्याच मापात बसणारे इतर उत्पादकांचे ठोकळेही मिळतात. मात्र दुसऱ्याचे नाव छापून विकला जाणारा बनावट माल वेगळा, तो टाळावा. १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना भारतीय मानक ब्यूरोचे प्रमाणन अनिवार्य आहे. खोक्यावरील आयएसआय चिन्ह पाहूनच खरेदी करावी. बॅटरीच्या सहा सेलांची जोडणी नऊ व्होल्ट देते, तर पुनर्भारित होणारे सहा सेल ७.२ व्होल्ट. गाडी किंचित हळू धावते, पण दर महिन्याचा सेलांचा खर्च वाचतो. निकामी सेल घरच्या कचऱ्यात टाकू नयेत. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांत असे छोटे सेलही येतात. आणि दिव्यांसाठी वापरले जाणारे बटणसेल लहान मुलांच्या हाती कदापि लागू देऊ नयेत. ते गिळले गेल्यास जीवावर बेतते.

आक्षेप आणि उत्तर

‘हे सारे परकीय आहे, यात आपले काय?’ असा एक आक्षेप असतो. त्याचे उत्तर मराठी घरात दर दिवाळीला अंगणात उभे राहते. मुले माती, दगड, गोणपाट घेऊन किल्ला बांधतात, त्यावर अळीव पेरतात, चित्रे मांडतात आणि सण सरला की मोडतात. पुढच्या वर्षी नवा किल्ला. माती कोणाची हे कोणी विचारत नाही. किल्ला कोणाचा, हे सर्वांना ठाऊक असते. ठोकळ्यांचेही तसेच आहे. डेन्मार्कचा ठोकळा ही माती. तिच्यातून धमतरीची गाडी उभी राहिली, तर ती आपलीच.

दुसरा आक्षेप एकलकोंडेपणाचा. तो गंभीर आहे. बंद खोलीत, मोबाईल संचावरून गाडी चालवत बसलेला मुलगा खेळत असला तरी एकटाच असतो. यावरचा उपाय म्हणजे छंद चार भिंतींबाहेर काढणे. पुण्यातील भाऊसाहेब जोशी यांचा आगगाड्यांच्या प्रतिकृतींचा छंद घरापुरता राहिला असता, तर तो घरापुरताच संपला असता. त्यातून कोथरूडमध्ये १९९८ साली लघुरेल्वेचे संग्रहालय उभे राहिले आणि तेथील गाड्या, पूल, सिग्नल पाहून असंख्य मुलांनी रेल्वेचे कामकाज समजून घेतले. त्या गाड्या ठोकळ्यांच्या नाहीत, त्यांचे प्रमाणही वेगळे, पण छंदाची वाट एकच.

तात्यापाऱ्यासारख्या वस्तीत यासाठी मोठ्या संस्थेची गरज नाही. चार-पाच घरांनी आपापले रूळ एकत्र आणले की एका सभागृहात लांब लाईन होते. एका घराने रायपूर स्थानक बांधावे, दुसऱ्याने अभनपूर, तिसऱ्याने राजिमचा फाटा, चौथ्याने धमतरी. फाटा कोठून निघत होता, स्थानकावर काय मिळे, इंजिन कसे वळवत, याची माहिती ज्येष्ठांकडून घ्यावी आणि लिहून ठेवावी. खरे इंजिन पाहायचे असेल तर नागपूरच्या मोतीबाग येथील अरुंदमापी रेल्वे संग्रहालयाची सहल काढावी. २००२ मध्ये सुरू झालेले हे संग्रहालय तात्यापाऱ्याहून एका प्रवासाच्या अंतरावर आहे. गणेशोत्सवात देखाव्यांवर होणाऱ्या खर्चाच्या एका अंशात अशी लाईन मांडता येईल, आणि विसर्जनानंतर ठोकळे ज्याचे त्याला परत मिळतील.

शिल्लक

वहीच्या एका बाजूला आहे खर्च, जागा आणि वेळ. दुसऱ्या बाजूला गणित, विज्ञान, बचतीची सवय आणि आजोबा-नातवाचे संभाषण. यातील शेवटची रक्कम कोणत्याही खात्यात व्याजाने वाढत नाही. ती योग्य वेळी काढली नाही, तर बुडते. धमतरीच्या गाडीत बसलेली पिढी आणखी किती वर्षे प्रश्नांना उत्तरे देण्यास उपलब्ध असेल, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

तेव्हा या सुटीत मुलांना नवा संच घेण्यापूर्वी घरातील जुना डबा बाहेर काढावा, सूचनापुस्तिका बाजूला ठेवावी आणि घरातील ज्येष्ठांना एकच विचारावे, ‘ती छोटी गाडी दिसायची कशी?’ उत्तर मिळेपर्यंत मोटारीची काहीही घाई नाही.